नर्स कानात काहीतरी सांगते

...आणि साखर मी सोडली ती कशासाठी, तर पोरीला वाचा फुटावी म्हणून! आता तुम्हीच सांगा, जिच्या एका शब्दासाठी मी इतकी वर्षं बिनसाखरेचा चहा घशाखाली ढकलते आहे, ती पोर सिनेमात बोलली आणि तिच्या सख्ख्या आईला ऐकू आलं नाही, याला काय म्हणायचं? बरोबरीची मुलं गाणी म्हणायला लागली होती आणि आमची नुसती बोटं दाखवायची. डॉक्टर म्हणाले, बोलेल, घाई करू नका. सासूबाई म्हणाल्या, बापावर गेलीय, तोही उशिराच बोलला. मी आपली देवापुढे बसले आणि म्हटलं, हिला एक शब्द बोलू दे, मी साखर सोडते. बोलली हो! आणि पहिला शब्द काय बोलली, तर "नको".

तो "नको" तिला असा काही आवडला म्हणता... दूध नको, वेणी नको, आणि मोठी झाल्यावर हातातली कायमची नोकरीसुद्धा नको. मला सिनेमात काम करायचंय, म्हणाली. आमचे हे पंपघरात नोकरीला होते, वेळेवर पाणी सोडायचं आणि वेळेवर बंद करायचं यातच सगळं आयुष्य गेलेलं. त्यांना कायमची नोकरी सोडणारं माणूस दिसलं की छाताडात धडधडतं. त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बोलायचं नाही. म्हणजे बोलायचं, पण माझ्याकडून. "तिला सांग, तिकडे थंडी वाढलीय." मी फोनवर सांगायची. "त्यांना सांग, स्वेटर घातलाय." मी मागे वळून सांगायची. दोघांचं ऐकून ऐकून माझे कान दुखायचे आणि माझं स्वतःचं बोलायचं राहूनच जायचं.

तर अशात तिचा फोन आला. आई, माझा सिनेमा येतोय, थिएटरात नाही, घरीच टीव्हीवर बघायचा. मी नर्स झालेय. माझं एक वाक्य आहे. म्हटलं, काय वाक्य गं? तर म्हणाली, ते तिथंच ऐका. आणि मग थोडं थांबून म्हणाली, "बाबांना ऐकव, आई. एवढं कर."

आता एवढं कर म्हणजे किती कर, हे तिला काय माहीत?

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मला वेळ नाही. निवृत्त माणूस, रविवारची दुपार, आणि वेळ नाही! पण रविवारी जेवणं झाल्यावर बघते तर ह्यांनी वर्तमानपत्र वाचायची खुर्ची खिडकीपासून उचलून टीव्हीसमोर आणून ठेवलेली. म्हणे, इथे उजेड बरा पडतो. पडदे मीच ओढले होते हो, कुठला उजेड! पण मी म्हटलं, पडतो खरा.

सासूबाई पुढे बसल्या. माझे धाकटे दीर आले, कारण त्यांच्या नावावरचं ते सिनेमांचं काय ते खातं आमच्या टीव्हीत घातलेलं आहे, आणि शिवाय भाऊजींना यंत्रातलं सगळं कळतं. म्हणजे त्यांना तसं वाटतं, आणि आम्ही कधी मोडता घातला नाही. सिनेमा सुरू झाला. पहिलाच माणूस पडद्यावर आला, खोल बघितलं, ओठ हलवले... आणि सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणाला?"

कुणालाच माहीत नाही! भाऊजींनी आवाज वाढवला. दुसरा माणूस आला, त्याचेही ओठ हलले. "काय म्हणाला?" आणखी वाढवला. आकडा वाढत वाढत शंभरावर गेला, त्याच्या पुढे आकडाच नाही, आणि तेवढ्यात पडद्यावर एक पूल उडाला. मांडणीवरची भांडी बोलायला लागली. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. भाऊजींनी घाईघाईनं आवाज खाली आणला, तोवर पूल पडून झाला होता आणि माणसं पुन्हा कुजबुजायला लागली होती. "काय म्हणाला?" मला सांगा, ज्या सिनेमात पुलाला एवढं बोलता येतं, तिथे माणसांना काय झालंय?

दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई. फार सोज्वळ. ओरडत नाहीत, चौकशी करतात. म्हणाल्या, ताई, तुमच्याकडे काही पडलं का? म्हटलं, पूल पडला, बसा. त्या बसल्या. आणि बसल्या बसल्या त्यांनीही विचारलं, काय म्हणाला?

मग भाऊजींनी सिनेमा थांबवून आम्हाला शास्त्र समजावलं. म्हणाले, वहिनी, दोष टीव्हीचा नाही. हे सिनेमे पाच-सहा स्पीकरसाठी बनवतात. पूल आजूबाजूच्या स्पीकरांतून पडतो आणि माणसं मधल्या स्पीकरमधून बोलतात. तुमच्या टीव्हीला आजूबाजूचे आहेत, मधला नाही. म्हटलं, भाऊजी, या घरात मधला स्पीकर म्हणजे मीच, मला कुठे जोडता येत असेल तर बघा. हे वर्तमानपत्रामागून खाकरले. आणि वर भाऊजी म्हणाले, हे पातळ टीव्ही आले ना, त्यांचे स्पीकर मागच्या बाजूला असतात, आवाज भिंतीकडे जातो. म्हणजे पैसे आम्ही भरायचे, तोंड आमच्याकडे, आणि बोलायचं भिंतीशी! मी ह्यांच्याकडे बघितलं.

भाऊजींनी स्वयंपाकघरातलं मोठं स्टीलचं ताट आणून टीव्हीच्या मागे उभं केलं. आवाज आपटून पुढे येईल म्हणाले. आला की! पण सगळी माणसं विहिरीत पडून बोलल्यासारखी वाटायला लागली. ताट गेलं. मग म्हणाले, खाली अक्षरं लावू, सगळं लिहून येतं. लावली. आणि आली हो, भराभर! कोण काय म्हणतंय सगळं खाली लिहिलेलं. सासूबाईंना तेवढं वाचवत नाही, म्हणून शिवणकामवाल्या बाई त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागल्या. म्हटलं, चला, देवानं ऐकलं. आता पोर आली की तिचंही वाक्य लिहून येणार.

आणि आली! पांढरे कपडे, केस मागे बांधलेले. कधी आम्ही बांधू म्हटलं तर नको. दवाखान्याच्या खाटेवर तो हिरो पडलेला, डोक्याला पट्ट्या. ही आत आली, त्याच्यावर वाकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलली. मला तिचा गाल हललेला दिसला. ह्यांचं वर्तमानपत्र मांडीवर आलेलं. आणि खाली लिहून काय यावं? शिवणकामवाल्या बाईंनी खणखणीत वाचलं: "अस्पष्ट कुजबुज."

अहो, पुलाचं "धडाम" लिहितात, दार वाजलं तर "दार वाजते" लिहितात, आणि माझ्या लेकीची अस्पष्ट कुजबुज?

आणि पुढच्याच क्षणी खिडकीबाहेर हेलिकॉप्टर!

मागे घ्या म्हटलं. मागे घेतला तर पूल आला. पुढे घेतला तर हिरो बरा होऊन पळत होता. हळूहळू आणून आणून पुन्हा खाटेपाशी आणला, आवाज शंभरावर, सगळे श्वास धरून... वाकली, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई सगळ्यांना म्हणाल्या, "शू! गप्प बसा, ती बोलतेय." बोलून झालं. हेलिकॉप्टर! "काय म्हणाली?"

मी सरळ आत गेले, देवापुढे हात जोडले आणि चहाच सोडला. म्हटलं, पोरीचं वाक्य ह्यांच्या कानावर पडू दे, चहा बंद. आता खरं सांगायचं तर साखर गेल्यावर चहा सोडायला फारसं काही लागत नाही, पण ते देवाला कशाला सांगा?

बाहेर येते तर काय, चमत्कार! टीव्हीतून एक पुरुष मोठ्या, स्वच्छ, शुद्ध आवाजात बोलत होता. भाऊजींनी कुठलंतरी बटण दाबताना आवाजाच्या यादीतलं भलतंच निवडलं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतं म्हणे ते, चित्रात जे चाललंय ते एक माणूस सांगत जातो. "एक मोटार वळते. मोटारीतून दोन माणसे उतरतात." सासूबाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, हा माणूस बरा आहे, हाच राहू दे. आम्ही सगळे त्याच्याकडे आशेनं बघायला लागलो. म्हणजे तो दिसत नव्हता, पण कळलं ना तुम्हाला? खाट आली. तो म्हणाला, "नर्स आत येते. ती रुग्णावर वाकते. नर्स त्याच्या कानात काहीतरी सांगते."

काहीतरी!

भाऊजी दमले. म्हणाले, वहिनी, माझ्या मोबाइलवर लावतो आणि कानात बोंडं घालून दादाला ऐकवतो, एका मिनिटाचं काम. मी म्हणणारच होते, लावा. तर हे खुर्चीतून उठले. म्हणाले, "माझी मुलगी मला तळहाताएवढी बघायची नाही."

आमच्यापैकी कुणी हललं नाही. "माझी मुलगी" हे शब्द या घरात कधीपासून कुणी ऐकले नव्हते. "तिला सांग", "ती", "तुझी लेक", इथवरच मजल. ह्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते एकदम टीव्हीकडे गेले आणि आवाज भिंतीकडे जातो ना, म्हणून टीव्हीच्या मागे शिरले. गाल भिंतीला, कान टीव्हीच्या पाठीला. म्हणाले, लाव. भाऊजींनी लावलं. आम्हाला पोर दिसत होती आणि टीव्हीच्या वर ह्यांचं टक्कल दिसत होतं. ती वाकली. बोलली. हेलिकॉप्टर आलं तेव्हा ह्यांनी कान काढला नाही हो... मी धावत जाऊन ओढून बाहेर काढलं. टकलाला कोळ्याचं जाळं लागलेलं. मला म्हणाले, "तिला विचार, काय म्हणाली."

इतकी वर्षं मी विचारत आले. पण त्या दिवशी मला काय झालं कुणास ठाऊक, मी फोन लावला, तिकडे घंटा वाजायला लागली आणि तो तसाच ह्यांच्या हातात ठेवला.

ह्यांनी तो विंचू धरावा तसा धरला. तिकडून "आई?" आलं. पुन्हा "आई?" आलं. आणि मग आमचे हे, ज्यांनी लेकीला ना वाढदिवसाला फोन केला, ना ती आजारी पडली तेव्हा, ते सरळ म्हणाले, "काय म्हणालीस?"

आता ह्यांचं फोनवरचं बोलणं म्हणजे पंपघरातलं. जिन्यात उभ्या असलेल्याला आमच्याकडच्या सगळ्या बातम्या कळतात. त्यामुळे ह्यांची बाजू आम्हाला नीट ऐकू येत होती. "नाही, नाही ऐकू आलं. ...कुणालाच नाही? ...म्हणजे ते वाक्य ऐकू जायचंच नव्हतं? ...काय, वाक? आणि ओठ हलव? ...काहीही म्हण म्हणाले? ...तरी तुला वाटलं, थोडं ऐकू येईल?" भाऊजींनी हळूच टीव्हीचा रिमोट खाली ठेवला. बघा म्हणजे, आमचा टीव्ही, तो मधला स्पीकर, ते ताट, माझा चहा... आणि तिथे ऐकण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं! दिग्दर्शकानं सांगितलं होतं, कानात काहीही पुटपुट, नंतर वर संगीत टाकू.

ह्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मग तू काय म्हणालीस?"

आणि फोन कानाला लावून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "काय म्हणाली?" मला काय विचारता? मी दाराशी जाऊन उभी राहिले. कान लावला, खोटं कशाला बोलू. शिवणकामवाल्या बाईही माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी कान लावला नाही, पण श्वास धरला. काही ऐकू येईना. आमचे हे, ज्यांचा आवाज जिना उतरून खालच्या गल्लीत जातो, ते आत कुजबुजत होते! एकदा हसले असं वाटलं. एकदा नाक ओढलं असं वाटलं. बराच वेळ गेला.

बाहेर आले. मी विचारायच्या आत खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवली आणि म्हणाले, तिला म्हटलं, पुढच्या वेळी जरा मोठ्यानं बोलत जा. बस्. झालं! एवढंच मला कळलं. आता दर रविवारी तिचा फोन येतो, थेट ह्यांच्या फोनवर, आणि हे आत जाऊन दार लोटून घेतात. मला विचारायला कुणी येत नाही, सांगायला कुणी येत नाही. ती त्या हिरोच्या कानात काय म्हणाली, ते मला आजतागायत ठाऊक नाही, आणि चहाही गेला तो गेलाच.

तर तुम्हालाही एकच विनंती आहे. तुमच्या घरात असं कुणी कुणाशी बोलायचं थांबलं असेल ना, तर त्यांचे निरोप पोचवत बसू नका. फोन लावा, घंटा वाजू द्या, त्यांच्या हातात ठेवा आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहा. ऐकू काही यायचं नाही, तेवढी तयारी ठेवा. आणि आतून कुणी विचारलं, बाहेर कोण आहे, तर सांगा, कुणी नाही, चालू द्या तुमचं.