शामसुंदरचा हिरवा चेहरा

हॅलो? … हॅलो, ताई? … हो, येऊन राहिला आवाज, बोल. … पंखा नाही, मिलचा आवाज आहे. जेवणाची सुट्टी झाली आताच, कॅन्टीनच्या मागं उभा आहे.

काय? … कोणता फोटो?

अच्छा, तो. तुले कोणं पाठवला? … आईनं? मग आपल्या बोरसीतल्या गायी-म्हशीलेही पोचला असंल.

हो, हो… 'महिन्याचा सकारात्मक कर्मचारी'. मीच तो, प्रितम, तुझा सख्खा भाऊ. … थँक्यू. … अगं रडून नाही राहिलो त्यात, हसून राहिलो. अठरा वेळा हसायले लावलं. अठराव्या वेळेस कोणाचंही तोंड तसंच होते.

आईले सांग, पेढे नको वाटू म्हणा. … वाटले? … पूर्ण गल्लीत?

बरं.

काही नाही झालं. … पेढे कावून नको म्हणजे… अगं ऐक ना. बक्षीस कशाचं आहे ते तर ऐक. आमच्या गेटजवळ एक बोर्ड आहे. त्यावर शिफ्टमधल्या सगळ्यांची नावं. नावापुढं चुंबकाचा चेहरा लावाचा. हिरवा म्हणजे हसरा, पिवळा म्हणजे ठीकठाक, लाल म्हणजे रडका. आत जायच्या आधी आपलं मन कसं आहे ते लावून जायचं. … हो, रोज. एचआरच्या टीना मॅडमनं सुरू केलं.

लाल लावला तर सेशन. तीन तास एसीत बसा, डोळे मिटा, टाळ्या वाजवा, म्हणा 'मैं खुश हूँ'. अन् हजेरी अर्धी. केवलरामची माय वारली, तेरवी करून आला, लाल लावला. त्याले पाठवलं. परत आला तर मुंडन केलेलं डोकं, अन् नावापुढं हिरवा चेहरा. … हसू नको. बरं, हस. मॅडमले आवडंल.

मग कोण लावंल लाल? म्हणून आमच्यात रिवाजच पडला. जो पहिला पोचते, तो सगळ्यांचे हिरवे लावून टाकते. बाकीचे सरळ आत. पहिला रोज मीच असतो. बत्तीस जणांचं मन मी एका मिनिटात आनंदी करतो, ताई. मोठमोठ्या महाराजांले दहा-दहा दिवस मंडप टाका लागते. त्याचंच बक्षीस आहे हे.

लाल चुंबक? ते आमच्या शिफ्टमधला भूपेंद्र घरी घेऊन गेला. फ्रिजवर पोराचं टाइमटेबल लावलं त्यानं.

… नाही, खुश नाही. शामसुंदर आठवते ना? … हो, तोच. तुझ्या गुड्डूच्या बारशाले दोन पंगती जेवला होता तो. मंगळवारी क्रेनच्या शिडीवरून पडला. … वीस फूट. … नाही, नाही, जिवंत आहे! कंबर मोडली, पाय मोडला. दुर्गच्या दवाखान्यात आहे. चालंल की नाही, डॉक्टर सांगून नाही राहिला.

भट्टीवरची क्रेन चालवते तो. मे महिना. खालून भट्टी, वरून पत्रा. पाण्याचा कूलर पंधरा दिवसांपासून बंद, अन् त्याच्यावर पोस्टर, 'थकान मन का वहम है'. कूलर दुरुस्त नाही झाला, पण पोस्टरचं लॅमिनेशन झालं.

चक्कर येऊन पडला. पण कागदावर चक्कर नाही आली त्याले. … अगं, बोर्डचा फोटो निघते रोज. त्यात शामसुंदर हिरवा. म्हणजे माणूस फिट होता. म्हणजे स्वतःच्या हलगर्जीनं पडला. म्हणजे इलाज घरच्यांनी पाहावा. … हो ना. त्याची बायको, चंदा वहिनी, तीन दिवसांपासून दवाखान्याच्या बाकावर बसून आहे. अन् नवरा इथं बोर्डवर अजून हसून राहिला. कोणी काढलाच नाही चेहरा.

आता माझ्या हातात कागद आहे. … टीना मॅडमनं टाइप करून दिलेला. ऐक, 'शामसुंदर ने मेरे सामने अपने हाथ से हरा चेहरा लगाया। वह प्रसन्न था।' प्रसन्न! क्रेन ऑपरेटर आहे की देवी? खाली माझी सही पाहिजे, दोन वाजेपर्यंत.

केली तर गेट पास रिन्यू, म्हणजे काम चालू. वरून परमनंटसाठी माझं नाव पुढं. नाही केली तर… मी सकारात्मक नाही.

हो. … हो, माहीत आहे. … बाबांची पेन्शन, हो. … आईचे गुडघे, हो. … हो, हो… अगं ऐक ना. … 'सगळेच करतात', हो. … ताई, तू ऐकून नाही राहिली.

त्यानं सांगितलं होतं मले.

… मंगळवारी सकाळी. सायकल स्टँडवर आम्ही बरोबरच पोचलो. म्हणाला, "प्रितम, रातभर उलट्या झाल्या, डोकं गरगरून राहिलं. आज माझा लाल लाव. टाळ्या वाजवतो, पण वर नाही चढत." … हो, आपल्या तोंडानं म्हणाला. अन् मी काय म्हटलं? म्हटलं, लाल भूपेंद्रच्या फ्रिजवर आहे, जाऊन घेऊन ये. … तो हसला ना. मीही हसलो. अन् लावला हिरवा.

मले वाटलं, त्याची अर्धी हजेरी वाचवली.

… तसं नको म्हणू. 'तुझी काही चूक नाही' हे टीना मॅडमही म्हणाल्या. अगदी याच आवाजात.

थांब, फोन खांद्यावर धरतो. … काही नाही, लिहून राहिलो. … कागदावरच, खाली. … दोनच ओळी. … नाही, रागात नाही. रागात माझं अक्षर याच्यापेक्षा बरं येते. … थांब गं, फोटो काढू दे. … पाठवला. … चंदा वहिनीले. … हो, आताच. आता तू कितीही ओरड.

थांब. मॅडम येऊन राहिल्या. ठेवू नको.

जी मॅडम. … बहन का फोन है. … जी, बधाई दे रही है. … साइन? कर दिया ना, ये लो. … नीचे, मॅडम. नीचे मैंने भी दो लाइन लिखी है. 'चेहरा मैंने लगाया था। उसने लाल माँगा था।' … हाँ, पेन से. … दूसरा प्रिंट निकालोगे तो उसपे भी यही लिखूँगा. … जी. … जी मॅडम. … ये लो.

ताई? … आहेस ना? … रडू नको. … नाही, रागावल्या नाहीत. आवाजही नाही चढवला. हसत हसतच गेट पास मागितला. … दिला.

डबा? डबा आतच राहिला. जाऊ दे.

… घरी नाही, दुर्गले जातो. दवाखान्यात. … हो, सायकलनंच. … आईले आता नको सांगू, मी सांगतो संध्याकाळी.

ताई, ऐक ना. … वहिनीसमोर गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलू? … नाही, जोक नाही करून राहिलो. खरंच विचारून राहिलो.

… असू दे, रस्त्यात जुळवतो.

… बरं. ठेवतो.