उंबऱ्याबाहेरचा पाय

आनंदीबाई : हे काय हो यमुनाबाई? पोरीचा पाय पायरीवर, चपलांच्या शेजारी?

यमुनाबाई : मग कुठं ठेवायचा, नर्सबाय? चामडं हाय ना त्याला. ते पट्टे बघा, तो खालचा बूट बघा. आमच्यात चामडं उंबऱ्याच्या आत येत नाय.

आनंदीबाई : आणि हा पट्टा कोणी कुरतडला?

यमुनाबाई : कुत्र्यान चावलान. हाकलला मी त्याला.

आनंदीबाई : धन्य आहे तुमची! अहो, पाय आहे तो. पायताण नव्हे. मुंबईला माप घेऊन बनवलाय पोरीसाठी. मी राजापुराहून यष्टीत हाडं खिळखिळी करून येते, ती नात तुमची चालताना बघायला. कुठाय राही?

यमुनाबाई : माजघरात. राही, अगो नर्सबाय आल्यात. ये भायेर.

राही : आलंय.

आनंदीबाई : अगो, रांगत? अकरा वर्षांची ना तू?

राही : घरात अशीच फिरतंय मी. शाळेत जाताना पायरीवर बसून पाय लावायचा, आल्यावर तिथंच काढायचा.

आनंदीबाई : जातेस ना रोज शाळेत?

राही : आधी जायची. आता नीट बसत नाय तो, टोचतो. आणि आई काजूच्या कारखान्यात जायला लागली, मग न्हेणार कोण?

आनंदीबाई : बरं, ह्या चटईवर पालथी झोप बघू. आता मांडी खाली टेकव.

राही : नाय टेकत. आई गं! दुखतंय.

आनंदीबाई : राहू दे, राहू दे. उठून बस. यमुनाबाई, बघितलंत? खुबा आखडलाय पोरीचा. दिवसभर बसायचं, नाहीतर रांगायचं. अहो, गुडघ्याच्या वर कापलेली मांडी ती, उभं राहून वापरली नाही तर वाकडीच राहते. मग कुठलाच पाय बसत नाही.

यमुनाबाई : सुटंल ना पण? मी रोज तेल चोळतंय तिला.

आनंदीबाई : तेलाने नाही सुटायचं. रोज पालथी निजवा, पट्टा दुरुस्त करून आणा, आणि पाय लावून घरभर हिंडू द्या तिला. तरी किती सुटेल ते सांगत नाही मी. उशीर केलात.

यमुनाबाई : उशीर केलात! बोलायला काय जातंय तुमचं? पोर इस्पितळात होती तेव्हा केस गेले, ओकून ओकून नुसतं कातडं उरलं. इकडं मी देवीला नवस बोललंय. गुरवान माझ्यासमोर गाऱ्हाणं घातलान, तेव्हा ही परत आली. डाक्टर हिच्या बापाला, माझ्या काशीरामला म्हणाला, पाय घेतलाय, पण रोग परत येऊ शकतो, लक्ष ठेवा. ते लक्षच ठेवतंय मी. शिमग्याला देवीची पालखी ह्या घरात बसते. तिथं चामडं न्हेऊ? आणि ती कोपली म्हंजे?

आनंदीबाई : चामड्याने कॅन्सर होत नाही हो.

यमुनाबाई : मग कशान झाला?

आनंदीबाई : ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

यमुनाबाई : वा! कशान झाला ते ठावं नाय. आणि कशान व्हणार नाय ते बरं ठावं तुमाला!

आनंदीबाई : खरंय. पण ही पोर अशीच रांगत राहिली तर पुढे काय होईल ते मला माहीत आहे. तुम्ही काय जन्माला पुरणार आहात? काशीरामच्या मुंबईच्या गिरणीचा संप मिटायचं नाव नाही, सून तुळसा दिवसभर कारखान्यात. उद्या हिला उचलणार कोण? मी अशी घरं बघितल्येत यमुनाबाई. रोग जातो, आणि मूल कोपऱ्यात बसून राहतं. सगळे म्हणतात, वाचलं हेच पुष्कळ.

यमुनाबाई : पुष्कळच हाय ते, बाय. इस्पितळात न्हेण्याआधीचं हिचं किंचाळणं तुमी ऐकलं नाय. मी ऐकलंय.

आनंदीबाई : चुकलं माझं. तसं नव्हतं म्हणायचं मला.

यमुनाबाई : कोपऱ्यात बसून राहण्यासाठी पण नाय मागितली मी हिला. राही, घे तो पाय. लाव, आणि ये घरात चालत. काय पाप लागायचं ते माझ्या डोक्यावर.

राही : नको आजी.

यमुनाबाई : का गो? मीच सांगतंय ना आता?

राही : तो रोग परत आला तर? दुसरा पाय पण न्हेईल.

आनंदीबाई : असं नसतं गो बाळा.

राही : तुमाला पण ठावं नाय. आताच बोललात.

यमुनाबाई : हे मी शिकवलंय हिला. दुसरं कोण शिकवणार? बाय, त्या तुमच्या वहाणा चामड्याच्या ना?

आनंदीबाई : हो. का?

यमुनाबाई : द्या हिकडं. जन्मात पायात काय घातलं नाय, आज घालतंय.

आनंदीबाई : अहो, डावी उजव्यात घातलीत. पडाल!

यमुनाबाई : असू दे. राही, माझ्याकडं बघ. हा ओलांडला उंबरा.

(यमुनाबाई घरात जातात. पुढचं बोलणं आतून ऐकू येतं.)

यमुनाबाई : ही बघ, देव्हाऱ्यासमोर आलंय. आई, पोरीचा काय दोष नाय. चामडं मी आणलंय, काय करायचं ते मला कर. बघितलंस ना, राही? चुलीपाशी पण जाऊन आलंय. काय झालं मला? सांग गो, काय झालं?

राही : लगेच नाय व्हत, आजी. मागच्या वेळेला पण आधी नुसतं दुखतच व्हतं.