जाळलेली कागदाची फुलं

माझं माहेर पाटनच्या वरल्या अंगाला, कोयनंच्या खोऱ्यात, डोंगराच्या पोटात चाळीसेक उंबऱ्यांचं गाव, पाऊस लागला की चार म्हैनं घराभायेर पडायची सोय न्हाई, आन आमच्या घरात कागद म्हंजी दोनच, एक रेशनकार्ड आन एक जमिनीचा उतारा, ते बी वरच्या फळीवर फडक्यात बांधून ठेवल्यालं, आमी पोरांनी नुसता हात लावला तरी बा पाठ सोलायचा. कागदाचं असं भ्याव घिऊन मी वाढले, म्हनून ह्ये आधी सांगते ताई. चौथीपतोर शिकले. पुढची शाळा लांब, दोन वढं वलांडून जायाचं, पोरीला कोन धाडतंय. मास्तर घरी आलं हुतं, म्हनलं पोरगी हुशार हाय, शिकू द्या, बा म्हनला व्हय व्हय, आन दुसऱ्या दिवशी माझ्या हातात गुरांची दावी दिली. माझी पुस्तकं मी लय दिस जपली, मग त्यास्नी वाळवी लागली.

लगीन हून कुंडलला आले. हितं काळी जमीन, ऊस, पानी, सगळं हाय, पर मालक मिल्ट्रीत, वर्षातनं दोन म्हैनं घरी, बाकीचे धा म्हैनं मी, सासू, दोन म्हशी आन रान. थोरला विक्रम, त्याच्या पाठीवर वैशाली, आमी वैशू म्हनायचो. विक्रमला अभ्यासाचं डोकं न्हाई ह्ये मला लवकर कळलं, तवा माझा सगळा जीव वैशूच्या दप्तरावर. पोरीला नर्स करायची, पांढऱ्या कापडात बघायची, ह्ये मी मनात धरल्यालं. तिला कधी इचारलं न्हाई. आमच्यात कोन इचारतंय.

आन ती पोरगी काय करायची सांगू? कागद कापायची. लगनाच्या पत्रिका, वह्यांची मागची पानं, दिवाळीच्या फटाकड्यांच्या खोक्यावरचा लाल कागद, मिठायच्या पुड्याचा चंदेरी कागद, काय म्हनून टाकू द्यायची न्हाई. खाटंखाली पत्र्याचा डबा हुता, त्यात रंगारंगानं लावून ठेवायची. मैद्याची खळ करायची, माझ्याच चहाच्या भांड्यात, मग मी वरडायची. पंख्यागत घडी घालायची, मधी दोरा बांधायची, आन पाकळ्या अशा एकेक वर उचलायची की बघता बघता कमळ. गल्लीतल्या बायका बारशाला, हळदीकुंकवाला तिलाच बलवायच्या, वैशू ये गं, पाळण्याला झालर लाव. मला त्याचा राग यायचा. मी म्हनायची, ती पानं लिवायला दिल्यात तुला, फाडायला न्हाई. ती म्हनायची, आई, मागची कोरीच असत्यात गं. कोरी असली म्हनून काय झालं, मला कोरं पान बगितलं की माझी वाळवी लागल्याली पुस्तकं आठवायची. ते मी तिला सांगितलं न्हाई. नुसता धपाटा घातला.

ती बारावीला हुती आन त्याच सालात ह्यांची रिटायरमेंट. मे म्हैना. ह्यांनी कळवलं, अमक्या दिवशी येतो, आता कायमचा येतो. वैशूनं म्हैनाभर आधीपास्नं चालू केलं, मला पत्ता लागू दिला न्हाई, माडीवर बसून करायची, आन ह्ये यायच्या आदल्या दिवशी सगळं खाली आनून सोप्यात लावलं. ताई, खोटं कशाला बोलू, मी दारातनं बगतच ऱ्हायले. आढ्यापास्नं पताका, खांबांना झालरी, फुलं शंभराच्या वर असतील, आन मधी एवढं मोठं कमळ, परातीएवढं, गुलाबी. मनात म्हनलं, कसं केलं हिनं. मनात म्हनलं, तोंडानं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारावीचा रिझल्ट. ती कालेजात जाऊन कागद घिऊन आली. इंग्रजी आन फिजिक्स, दोन इषयात गेली. मला तो कागद वाचता आला, चौथी शिकले तरी तेवढं आलं.

मग मी काय केलं ते ऐका. मी काठी घेतली न्हाई, हात उगारला न्हाई. मी स्टुलावर चढले आन सगळं वढून काढलं, पताका, झालरी, फुलं, परातीएवढं कमळ, सगळं पदरात घातलं आन परड्यातल्या चुलवानाखाली सारलं. तिच्या बापाला एवढ्या उन्हाळ्यात बी कडक पानी लागायचं. त्या कागदावर मी त्यांच्या आंघुळीचं पानी तापवलं. आन वर तोंडानं, अभ्यासाच्या टायमाला ह्ये धंदं केलंस, आता ह्याच्यावर तुझ्या बापाची आंघूळ होऊ दे. सासू म्हनत हुती, आगं कमल, ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. मला ऐकू येत हुतं, पर थांबता यीना. कागद लय भराभरा जळतो ओ, लाकडागत न्हाई, म्हैनाभराचं काम, मी फुंकनी उचलायच्या आत संपलं.

वैशू परड्याच्या दारात उभी. रडली न्हाई. ह्ये आलं, सगळ्यांच्या पाया पडनं झालं, आंघुळीला बसलं, तवा ती हातात टॉवेल घिऊन आली आन माझ्याकडं बघून म्हनली, आई, पानी चांगलं तापलंय का?

एवढंच. त्यानंतर त्या इषयावर ती कधी बोलली न्हाई. ह्यास्नी मी सांगितलं न्हाई, तिनं बी सांगितलं न्हाई.

ती परत परीक्षंला बसली न्हाई. मी म्हनलं मग लगीन करू. सांगलीचं स्थळ आलं, नवरा दुकानात हिशेबाला, घर बरं, सासू तेवढी एकटी. दिवाळीनंतर उरकलं. पाठवनीला सगळ्या पोरी आईच्या गळ्यात पडत्यात, ही बापाच्या गळ्यात पडली, आजीच्या पडली, माझ्या नुसती पाया पडली, पावन्याच्या पडावं तशी. मी मनाला समजावलं, नवी हाय, हुईल सारखं.

झालं न्हाई सारखं. दिवाळीला यायची, दोन दिस ऱ्हायची, बापासंगं बोलायची. मग ह्ये गेलं, अॅटॅक आला, रानातच. तेराव्यापतोर ऱ्हायली. चौदाव्या दिवशी पिशवी भरायला लागली तवा मी म्हनलं, ऱ्हा की गं चार दिस, मी एकटी पडले. ती म्हनली, आई, हितं माझं आता काय हाय? आवं, त्या टायमाला मी तिचा हात धरायचा का न्हाई? म्हनायचं का न्हाई, मी हाय की, चुकलं माझं? मला ते म्हाईत हुतं, जिभंवर आलं हुतं. पर मी म्हनले, व्हय, न्हाईच हाय तुझं काय, जा. असं माझं तोंड. ती गेली. तवापास्नं उंबरा चढली न्हाई. राखीला विक्रमला फोन करती, भावाला येगळं, मला येगळं.

दोन वर्सं झाली असतील, दुपारची मी शेंगा फोडत बसले हुते, सून फोन घिऊन पळत आली. सून मला आत्या म्हनती. म्हनली, आत्या, आवं ह्ये बगा, वन्सं हायत! फोनात वैशू. चांगली साडी, मागं कागदाची फुलं लावल्याली भित्त, आन हसून म्हनती, नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण जुन्या लग्नपत्रिकांपासून दोन मिनिटांत होणारं सोप्पं तोरण बघणार आहोत. मी किती वर्सांनी तिला हसताना बगितली. आन शेजारी बसल्याली तिची सासू, चष्मा लावून पट्ट्या कापती, आन वैशू तिला म्हनती, आई, ती कात्री द्या ना. खाली बायकांनी लिवल्यालं, सून मला वाचून दाखवती, किती गोड आई, नशीबवान आहात. मी सुनंला म्हनलं, बंद कर, शेंगा ऱ्हायल्यात.

पर दुसऱ्या दिवशी मीच मागितला. आता मला काढता येतं. सून फोन घरी ठेवून शेतात गेली की मी गोठ्यात जाते, म्हशींच्या पुढं खाटंवर बसते आन लावते. कागदी कपाचं कंदील, पेपराच्या नळ्यांची टोपली, दाराच्या झिरमिळ्या. सगळ्या बायकांस्नी ती मैत्रिणींनो म्हनती, म्हंजी मला बी म्हनती, न्हाई का.

मग मी करायला लागले. कुनाला न सांगता. जुना पेपर घ्यायचा, विक्रमच्या पोरांची कात्री घ्यायची. ताई, ही बोटं बगा, इळ्यानं आन शेनानं अशी झाल्यात, घडी धरवत न्हाई. ती फोनात दोन मिन्टात म्हनती, मला एका फुलाला आख्खी दुपार गेली. घडी सारखी पडली न्हाई तर पाकळी उचलताना फाटती, जास्त खळ झाली तर कागद लोळतो, कमी झाली तर सुटतो. पाच-सा पेपर वाया घालवलं तवा एक फूल उभं ऱ्हायलं, ते बी वाकडं. ते मी मांडीवर ठेवलं आन तवा माझ्या ध्यानात आलं. असली शंभर केली हुती तिनं. म्हैनाभर, माडीवर, पत्र्याखाली, मे म्हैन्यात. आन मी इतकी वर्सं म्हनत हुते, कागदच तर हुता.

गेल्या साली गनपतीच्या आधी फोनात आलं, सांगलीला एका हॉलात गणपती-गौरीची घरगुती सजावट शिकवणार, कुनी बी या, कागद, कात्री आमीच देनार. सुनंला म्हनलं डोळं दाखवायला चालले, आन एस्टीनं गेले. हॉल बायकांनी भरल्याला. मी पार मागच्या रांगंला, पदर म्होरं घिऊन बसले. म्होरं वैशू, हातात माईक. जरा जाड झालीया. आमच्यागत बोलत न्हाई आता, शाळंतल्या बाईगत बोलती. तिनं सांगितलं तशी मी पट्टी कापली, घडी घालायला लागले. ती रांगंरांगंनं बगत यायला लागली. हिची घडी सरळ कर, तिचा दोरा बांध, हिला वा छान म्हन. मी मान खाली घातली. मला तिची पावलं दिसली, आमी लगनात घातल्याली जोडवी न्हाईत पायात, दुसरी हायत.

माझ्याम्होरं आली. थांबली. म्हनली, मावशी, ही घडी उलटी पडलीय.

मावशी म्हनली ओ मला.

माझ्या हातातनं कागद घेतला, उलगडला, परत घडी घातली, अंगठ्याच्या नखानं दाबली, आन माझ्या तळहातावर ठेवला. बोट लागलं तिचं. मला म्हनायचं हुतं, वैशू. म्हनायचं हुतं, बाळा, मी जाळायला नगं हुतं. मी त्या घडीवर नुसता अंगठा दाबून धरला. ती म्होरच्या बाईकडं गेली, तिला बी म्हनली, वा, छान.

मनाला म्हनलं, वळखलं न्हाई तिनं, पदर हुता, वय झालं माझं. सगळं झाल्यावर फोटू काढायचा म्हनून सगळ्या बायका म्होरं गोळा झाल्या, एक पोरगी मला वढायला लागली, आजी, या की तुम्ही पण. तवा वैशू मागं न बघता म्हनली, राहू दे गं, त्यांची कुंडलची गाडी चुकेल, जाऊ दे त्यांना.

कुंडलचं नाव मी कुनापाशी काढलं नव्हतं, ताई. त्या हॉलात एका बाईसंगं सुदिक बोलले नव्हते. म्हंजी तिनं दारातनं शिरतानाच बगितलं असनार, आन दोन तास म्होरं उभी ऱ्हाऊन सगळ्यांस्नी हसून शिकवत ऱ्हायली. एवढी ताकद तिला कुनी दिली म्हनता? मीच दिली की. मी एस्टीत बसले, त्यो घडीचा कागद पिशवीत घातला, घरी आल्यावर सुनंनं इचारलं, डोळ्याचं काय म्हनलं डाक्टर, मी म्हनलं, बरं हायत, सगळं नीट दिसतंय.

फोन मी अजून लावते. दुपारचं काम झालं की बसते. दिवाळीच्या आधी तिनं चांदण्यांचा कंदील दाखवला, लय अवघड, तो मला अजून जमंना. तुमी ह्ये लिवताय तर लिवा, तिचं नाव बदला, सासरचं गाव बदला, तिला तरास नगं. माझं बदलू नका. कमलनं केलं, कमलचंच लिवा. तिची पोरं मी बगितली न्हाईत, दोन हायत म्हनं, त्यास्नी देव सुखात ठेवू दे, तिच्या हाताला यश येऊ दे, लांब लांब बायकांनी तिचं बघून घरं सजवू द्यात. माझ्याकडं न्हाई आली तरी चालंल, असं मी सगळ्यास्नी सांगते. न्हाई ओ ताई, चालत न्हाई. पर सांगते.