सशाचा बोगदा

जनावरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन बसलेल्या आजींचे कान शेजारच्या बहीणभावाकडे लागले होते. भाऊ नव्या रस्त्यावरचा इंजिनियर. त्याच्या मांडीवर खोकं होतं आणि खोक्यात जखमी ससा.

"सशांना जायला तू रस्त्याखालून बोगदा काढलास ना रे?"

"काढला की ताई. आतून रंगसुद्धा दिलाय."

"मग रंगीत बोगदा सोडून हा वर कशाला मरायला आला?"

"दुभाजकात कोवळं गवत लावलंय."

"कुणी?"

"बागखात्यानं. माझा फक्त बोगदा."

"वा. म्हणजे तू पाट मांडलास खाली, त्यांनी वाढलं वर."

"ताई, हळू बोल."

तेवढ्यात आतून मदतनीस आली.

"कुणाच्या गाडीखाली आला?"

"ह्याच्याच. बोगद्याच्या उद्घाटनाला निघाला होता."