पारूबाई प्याली नव्हती

मंगळवेढ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी फार्मासिस्ट होतो ना, तेव्हाची गोष्ट. कपाशीवर फवारणी करणाऱ्या पारूबाईला शेतमालकानं बैलगाडीतून आणलं. तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम. मालक आल्याआल्या म्हणाला, "फवारणीचं औषध प्याली हाय. तसंच लिवा."

डॉक्टरांनी उताऱ्याची इंजेक्शनं सुरू केली, पण जरा उतार पडला की पुन्हा फेस. मी इंजेक्शनं घेऊन जवळ गेलो, तर तोंडाला वास नाही. पाठीवरचं लुगडं मात्र औषधानं चिंब.

"डॉक्टर, विष कातडीतून अजून आत जातंय."

त्यांनी तत्काळ नर्सला लुगडं उतरवून पारूबाईचं अंग साबणानं धुवायला लावलं. मग कुठं इंजेक्शन लागू पडलं.

मालकानं मला बाजूला घेतलं. "प्याली म्हणा की. माझ्यावर येतंय सगळं."

"येऊ दे," मी म्हणालो. "पाहिलं तेच सांगणार."

दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. मालक खाटेशी वाकून म्हणाला, "पारू, सांग की, चुकून प्यालीस म्हणून."

पारूबाई कोपराच्या आधारानं उठून बसली. "न्हाय प्याले. पंप गळतोय म्हणून किती डाव सांगितलं तुमास्नी? आता तुमीच घ्या की त्यो पाठीवर!"