डेव्हिडरावांचं गाव

परदेशात मुलाकडे राहतो मी, तिथल्या पुंगोलच्या आमच्या डेव्हिडरावांचं तुम्हाला सांगितलं नाही ना अजून? शेजारी आमचे, मूळचे स्कॉटलंडचे. तिकडच्या आपल्या गावातल्या जुन्या इमारतींची, जागांची नावं कागदावर उतरवत होते. बहीण वारली, त्यामुळे ती नावं ठाऊक असलेले आता हे एकटेच. आणि एका वळणाचं नाव काही केल्या आठवेना.

मला इंग्रजी येत नाही, म्हणून सुनेला म्हटलं, "सांग त्यांना, बसून गाव आठवत नाही. घरातून निघा नि चाला. आम्ही न शिकलेली माणसं तसंच करतो."

"बाबा, इथे? ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत?"

"मग काय झालं? हा खांब त्यांचं घर."

डेव्हिडराव हसले, पण खुर्चीतून उठून निघाले. चर्च, गिरणी, लोहाराचं दुकान, पूल, एकेक नाव घेत सावकाश चालले. पुलापुढे वळले आणि ते नाव तोंडात आलं. सुनेने लगेच लिहून घेतलं. ते खुर्चीकडे यायला लागले, तसा मी त्यांचा हात धरला.

"अर्ध्या वाटेवरून असं यायचं नसतं. आधी घरी जा म्हणावं."

ते आल्या वाटेने परत गेले. खांबापाशी त्यांनी टोपी काढली, दोनदा टकटक केलं, आणि दार उघडायची वाट बघत उभे राहिले.