मोतीराम निवास

हॅलो? … हां, बोला… अगं शुभे, तू होय. बोल, बोल…

हो, हो, कळलं. शुक्रवारी संजनाचा साखरपुडा. येणारच गं, मामा आहे मी तिचा. फक्त पहाटे नाही जमणार, दहाच्या एसटीने निघतो… अगं ऐक ना. थाप नाही. गोळ्या द्यायच्यात… मला नाही, मोतीरामला.

ओळखत नाहीस कसं? आमच्या फूलबाजारात पाट्या उचलतो, ओट्याखाली झोपतो… हां, तोच, खोकणारा. टीबी निघाला त्याला.

मीच नेलं ना सरकारी दवाखान्यात. तिथे म्हणे पत्ता लिहा, घर बघितल्याशिवाय गोळ्या सुरू होत नाहीत. सहा महिन्यांचं औषध, पेशंट मधेच गायब झाला तर शोधायचा कुठे?… बरोबरच आहे त्यांचं. पण ओट्याखालचा काय पत्ता लिहू? दिलं ठोकून. मोतीराम निवास, फूलबाजाराच्या मागे… हस, हस. मी पण हसलो होतो.

मागच्या सोमवारी सकाळी सिस्टर हजर. मी इथेच बूथमध्ये, गिऱ्हाईक फोनवर. बघतो तर ती नवसाबाईला विचारतेय, मोतीराम निवास कुठे आलं? संपलं म्हटलं. मी कुणाला बोललोच नव्हतो ना… आईशप्पथ, एका माणसाला नाही.

नवसाबाईने झेंडूतून मान पण वर काढली नाही. म्हणे, सरळ जा, रंगनाथला विचारा. रंगनाथने पाठवलं पार घाटाकडे. तिथल्याने परत वर… अगं फिरवत होते तिला. आणि इकडे… ऐक तर. मागे पाट्या ठेवायची खोली आहे बघ, ती रिकामी होत होती. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. एकाने पाट्या काढल्या, एकाने खाट टाकली, माठ आला, कॅलेंडर आलं. भागीबाई… हां, मोतीरामला रोज शिव्या घालते ती. ती दारात बसून गुलाब निवडायला लागली, जशी काय दहा वर्षं तिथेच बसतेय. सिस्टरला म्हणे, धाकटा दीर माझा, जरा आळशी आहे.

शुभे, मी जन्मभर लोकांना टोप्या घातल्या. तुझ्या लग्नात व्याह्यांच्या चपला… हो, त्या पण मीच. पण असलं काम नाही बघितलं गं कधी. नुसता उभा राहिलो.

दारावर चुन्याने नाव पण टाकलेलं. सिस्टरने त्याला बोट लावलं. बोट पांढरं. तिने बोटाकडे बघितलं, मग आमच्याकडे. मोतीराम खाटेवर पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.

म्हणाली, "घर ओलं आहे अजून. वाळू द्या."

आणि केली सही… हो गं, केली.

मग विचारते, समोर उभं राहून गोळ्या गिळायला कोण लावणार? नवसाबाईने बोट केलं माझ्याकडे. म्हणे, "ह्या गोटीरामला द्या. ह्याला कुणी फसवू शकत नाही."… हसतेस काय? सोमवार, बुधवार, शुक्रवार. सहा महिने अडकलो.

खोली? तेच तर सांगतोय. मला वाटलं, सिस्टरची पाठ फिरली की पाट्या परत आत. आज दहावा दिवस, शुभे. पाट्या बाहेरच, ताडपत्रीखाली. कुणी विषय पण काढत नाही. किल्ली मोतीरामच्या करदोट्याला. मी रोज सकाळी जाऊन बघतो… काय बघतो म्हणजे? कुलूप बघतो.

थांब, आलाच तो… घे रे, सात आहेत. पाणी घे… लाल लघवी होते म्हणून घाबरतो गं. होणारच ती, सिस्टरने सांगितलंय… गिळ. आता आ कर. जीभ वर… वर म्हटलं ना. ही जागा मी तिसरीत असताना शोधलीय.

हां शुभे, बोल… हो, दहाची एसटी. नक्की… नाही, आत्ता ठेव तू. सहाच गेल्यात पोटात. मोतीराम, गाल दाखव.